आखाजीची शिवी

नोकरीत होते तेव्हा निवडणूक म्हणजे माझ्यासाठी ड्युटी. सुरतेतल्या लिंबायतच्या एका मराठी शाळेत मी मास्तरीण होते, आणि मास्तरांना निवडणूक कधी चुकत नाही. आदल्या दिवशी मशीन, शिक्के, लाखेच्या कांड्या घेऊन कुठल्यातरी परक्या वॉर्डात जायचं, शाळेतल्याच बाकांवर अंग टाकायचं आणि सकाळपासून लोकांच्या बोटांना शाई लावत बसायचं. कापडाचे लूम चालवणाऱ्यांची बोटं, हिरे घासणाऱ्यांची बोटं, साड्यांवर टिकल्या चिकटवून चिकटवून गोंदाने राठ झालेली बायकांची बोटं. माझं स्वतःचं मत टपालाने जायचं, पण जायचंच. वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना मी पोरांना सांगायचे, जो मत देत नाही त्याने गटाराची तक्रार करू नये. आमच्याकडे गटाराची तक्रार न करता जगणं अवघड, त्यामुळे पोरांना ते लगेच पटायचं.

अशी मी, मागच्या कॉर्पोरेशनच्या निवडणुकीत मत द्यायचं नाही असं ठरवून घरात बसले होते. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ताप आहे का?"

ताप नव्हता, वीट आला होता. आमच्या वॉर्डातल्या बायकांच्या जागेवर दोघींची टक्कर होती आणि महिनाभर त्या दोघी काय करणार हे कोणी सांगितलंच नाही. समोरची किती वाईट, एवढंच. एका रिक्षावरचा भोंगा सांगायचा की हिचा नवरा वरातीत पिऊन लोळतो, आणि मोबाइलवर तो लोळतानाचा व्हिडिओ फिरायचा. ती रिक्षा वळली की दुसरी यायची, ती म्हणायची की त्या दुसरीला गल्लीतलं कुत्रं ओळखत नाही, तिकीट कसं मिळालं विचारा. कोणाचं तोंड गाढवाला चिकटवलेलं, कोणाचं म्हशीला. आमच्या ह्यांनी सारा जन्म लूमवर काढला. ते म्हणायचे, "यापेक्षा लूम बरे. कान फोडतात, पण कोणाला नावं ठेवत नाहीत."

आता शिव्यांचा कंटाळा आला असं मी म्हणावं, हे आमच्या गल्लीत कोणाला सांगितलं तर लोक पोट धरून हसतील. कारण वर्षातले बाकीचे दिवस मी सभ्य बाई असले, तरी आखाजीच्या दिवशी माझ्याइतकं घाण तोंड अख्ख्या वस्तीत कोणाचं नव्हतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात ती दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घराघरांत खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. आणि दुपार कलली की काही गावांत बायका बार खेळतात. नदीच्या या काठावर एका गावच्या बायका, त्या काठावर दुसऱ्या गावच्या, आणि मधल्या वाळूवरून शिव्या. गाऊन, हातवारे करून, कमरेला पदर खोचून. कोणाची सासू, कोणाचा दीर, कोणाची म्हैस, काही सुटत नाही. पोटापाण्यासाठी आम्ही सुरतेला आलो तेव्हा बारही आमच्याबरोबर आला. नदी काही आणता आली नाही, म्हणून दोन गल्ल्यांच्या मधला रस्ता हीच आमची नदी. आमची गल्ली या काठावर आणि समोरची त्या.

समोरच्या काठाची पुढारीण माझी मैत्रीण. तिचा नवरा आणि माझा एकाच कारखान्यात लूमवर होते, आणि आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन सुरतेत आलो. मी शिकलेली होते म्हणून शाळेत लागले. ती घरी धागा कटिंग करते, म्हणजे भरतकामाच्या साडीला मागून जे धागे लोंबतात ते बारक्या कात्रीने कापायचे. निवृत्त झाल्यापासून माझी दुपार तिच्याच ओट्यावर जायची. ती साडी कापायची, मी गप्पा कापायचे. पण आखाजीला ती त्या काठावरून ओरडायची, "मास्तरीन पोऱ्यासले शिकाडस, नि घरमा नवरा भांडा घासस!" हे शंभर टक्के खरं होतं, त्यामुळे दोन्ही गल्ल्या हसून लोळायच्या.

बाराचे नियम कडक. दिवे लागले की तोंड बंद. शिवी उंबऱ्याच्या आत न्यायची नाही. ज्या घराला शिव्या दिल्या त्या घरी दुसऱ्या दिवशी जेवायला जायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, बारातल्या शिवीची माफी मागायची नाही. माफी मागितली म्हणजे ते मनात होतं असा अर्थ होतो. मग तो खेळ राहत नाही, भांडण होतं.

त्या वर्षी त्या दोन उमेदवारांपैकी एक माझ्या या मैत्रिणीची सून होती. सुरतेतच जन्मलेली, गुजराती शाळेत शिकलेली, चुणचुणीत पोरगी. सोसायटीच्या पाण्यासाठी ऑफिसात खेटे घालघालून तिचं नाव झालं आणि तिला तिकीट मिळालं. प्रचार ऐन रंगात असताना आखाजी आली. बार रद्द करावा असं माझ्या मनात आलं नाही, मैत्रिणीच्या तर नाहीच नाही. उलट सून उमेदवार, म्हणजे शिव्यांना नवीन माल मिळाला. मी पदर खोचला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून आवाज लावला:

"तुनी सून कुल्फीवालाना मांगे गयी वं, कुल्फी खात ऊनी नि नवराले ईसरी ऊनी! सासरानं घर ईकी खादं, आते गल्ली ईकी खाई!"

म्हणजे सून कुल्फीवाल्याच्या मागे गेली आणि नवऱ्याला विसरून आली, सासऱ्याचं घर विकून खाल्लं, आता गल्ली विकून खाईल. हे ऐकून सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल तर माझी मैत्रीण. हसता हसता तिला ठसका लागला, तिच्याच बाजूच्या बायकांनी तिच्या पाठीत थोपटलं. सून मागे उभी होती. तीही हसली, पण जरा अवघडून. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे रस-पोळी जेवले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी भाजी निवडत होते. रिक्षा आली. भोंग्यातून ढोलकी वाजली आणि मग एका बाईचा आवाज आला, "आते गल्ली ईकी खाई!" पुन्हा ढोलकी, पुन्हा तेच. मग एका पुरुषाचा भारदस्त आवाज, की जिला तिचे शेजारीच असं म्हणतात तिला तुम्ही मत देणार का? मग पुन्हा बाईचा आवाज, या वेळी कुल्फीवाल्याची ओळ. आधी मला वाटलं, ही कोण नाटकी बाई? मग ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, ही तूच."

कोणीतरी मोबाइलवर बार घेतला होता. त्यातलं बायकांचं हसू कापलं होतं. मैत्रिणीच्या उलट शिव्या कापल्या होत्या, माझा नवरा भांडी घासतो तेही कापलं होतं. उरला होता फक्त माझा आवाज. आणि माझा आवाज या वस्तीत न ओळखणारं कोण? निम्म्या लिंबायतने त्या आवाजामागे पाढे म्हटलेत.

मी तशीच चप्पल घालून सुनेसमोरच्या उमेदवाराच्या प्रचाराच्या ऑफिसात गेले. तिथे मोबाइलचं सगळं काम बघणारा माझाच विद्यार्थी निघाला. पटकन उठून पाया पडला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हटलं, "हे बंद कर." तो म्हणाला, "बाई, तुमच्यासमोर खोटं बोलत नाही. एक अक्षर आम्ही टाकलेलं नाही. सगळे शब्द तुमचेच आहेत." मी म्हटलं, "अरे गाढवा, तो बार होता. तुझी आई पण उभी होती तिथे." तो खाली बघत म्हणाला, "समोरचे पण करतात ना, बाई. त्यांनी नवऱ्याचा व्हिडिओ फिरवला तेव्हा?" मी उठले. चहा न पिता आले. रिक्षा संध्याकाळी पुन्हा फिरली.

त्या दिवसापासून मी मैत्रिणीच्या ओट्यावर गेले नाही, आणि तीही आली नाही. मला जायला पाय होते, पण जाऊन बोलू काय? माफी मागावी तर बाराचा नियम मोडतो, आणि ती म्हणणार, म्हणजे मनातून बोलली होतीस? न मागावी तर रोज दोनदा माझा आवाज तिच्या दारावरून तिच्या सुनेची अब्रू काढत जातोय. मी पडद्याआडून बघायचे. ती साडी मांडीवर घेऊन बसायची, रिक्षा आली की कात्री थांबवायची, गेली की पुन्हा चालू करायची. मला तिचा राग यायचा की तू तरी ये, तू तरी दोन शिव्या घालून जा. खरं सांगायचं तर तिच्याशिवाय दुपार खायला उठायची.

मग एके दिवशी सुनेच्या बाजूचे लोक आमच्याकडे आले, हसत हसत. "बाई, तुमचा आवाज तर हिट झाला. आता एक आमच्यासाठी होऊन जाऊ द्या. त्या दुसरीवर, आणि तिच्या नवऱ्यावर. हिशेब बरोबर होईल." मी म्हटलं, "आखाजी संपली." ते म्हणाले, "बाई, विचार करा." मी म्हटलं, "केला," आणि दार लावलं. तेव्हाच मी ठरवलं की मत नाही देणार. यांनाही नाही, त्यांनाही नाही. ज्यांना माझ्याकडून फक्त शिवीच हवी आहे, त्यांना मी बोट कशाला देऊ?

ह्यांनी समजावलं नाही. ते समजावत नाहीत. फक्त म्हणाले, "त्या पोरीने तुझ्याकडे शिवी मागितली का?" मी म्हटलं, "तिच्याच लोकांनी मागितली." ते म्हणाले, "मी पोरीचं विचारलं," आणि भांडी घासायला गेले.

मतदानाच्या दोन दिवस आधी प्रचार संपला आणि भोंगे बंद झाले. अशी शांतता आमच्याकडे फक्त लूमची वीज गेली की असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात कोणाची तरी सावली पडली, बघते तर सून. एकटीच. प्रचाराची साडी, दमलेला चेहरा. मी बस म्हटलं, ती बसली नाही.

"काकी, मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "सासूमम्मी म्हणतात बारमध्ये असंच असतं, मनावर घ्यायचं नाही. मी नाही घेतलं. पण मला तुमचा बार समजत नाही, मी तो अहींयाज जन्मली, इथेच सुरतेत. माझी पोरगी काल ट्यूशनवरून आली नि विचारते, मम्मी, कुल्फीवाला कोण? वर्गातली पोरं तिला चिडवतात. तिचे पप्पा तिथेच बसले होते. ते हसले नाहीत, काकी."

एवढं बोलून ती थांबली. माझ्याकडून तिला काय हवं होतं ते तिने सांगितलं नाही. मला वाटतं, तिला फक्त कोणालातरी हे सांगायचं होतं, आणि ते मलाच सांगावं असं तिला वाटलं. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. बाराला दोन काठ असतात आणि प्रत्येक बाई कुठल्यातरी काठावर उभी असते, म्हणून शिवी लागत नाही. ही मुलगी कुठल्याच काठावर नव्हती. तिची पोरगी तर त्याहून नव्हती. नियम आमचा होता आणि त्याची शिक्षा त्या दोघी भोगत होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही.

दिवे लागायच्या आत मी रस्ता ओलांडला. मैत्रीण ओट्यावर होती. मला बघून तिचा चेहरा उजळला, आणि सून घरात आहे का असं मी विचारल्यावर पडला. मी तिच्याजवळून आत गेले. सून भाकरी टाकत होती, तिची पोरगी जमिनीवर वही घेऊन बसली होती. मी पोरीसमोर खाली बसले. माझे गुडघे आता तसे बसू देत नाहीत, पण बसले.

"कुल्फीवाला कोणी नाही," मी तिला सांगितलं. "तुझी मम्मी कुठे गेली नाही. ते मी खोटं बोलले. खेळात बोलले, पण खोटं." मग सुनेकडे बघून म्हटलं, "माझं चुकलं, पोरी. मला माफ कर."

पोरगी मला न्याहाळत म्हणाली, "तुम्ही टीचर आहात ना? टीचर खोटं बोलतात?"

"आखाजीला बोलतात," मी म्हटलं. सुनेला हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "काकी, उद्या वोट द्या पण. मला नको तर जेने गमे तेने." म्हणजे ज्याला आवडेल त्याला. मत द्यायचं नाही असं मी ठरवलंय हे तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. भिंतीला कान असतात आणि आमच्याकडे दोन घरांमध्ये भिंत एकच असते.

बाहेर आले तर मैत्रीण तोंड फिरवून बसलेली.

"बारनी माफी मांगी तू," ती म्हणाली.

"तुनाकडे नही मांगी. तुनी सूनकडे मांगी."

"एकच शे. आते पुढला वरीसले तुना संगे कोन बार खेळी? तू माफी मागशी, मी माफी मागसू, मग काय ऱ्हायनं?"

तिचं बरोबर होतं. तिला सुनेचं दुःख नव्हतं असं नाही. पण त्या दुःखावर तिच्याकडे एकच औषध होतं, ते म्हणजे खेळ खेळ आहे असं धरून राहणं, आणि ते मी तिच्याच घरात येऊन मोडलं होतं. मी तिला म्हटलं, "मग नको खेळूत." मी घरी आले.

सकाळी उठून आंघोळ केली, पांढऱ्या काठाची साडी नेसले. ह्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या. शाळेत रांग लांब होती. माझ्या पुढे पाच-सहा बायका सोडून मैत्रीण उभी होती. मी निवृत्त झाल्यापासून प्रत्येक वेळी आम्ही एकत्र मत द्यायला गेलो होतो. तिने मागे वळून बघितलं नाही. मला ते टोचलं, पण रांग सोडून पुढे जायची हिंमत झाली नाही.

रांगेत उभं राहून मी विचार करत होते की हे मत माझ्या नागरिकशास्त्रात कुठे बसतं? पोरांना मी शिकवलं होतं, उमेदवाराचं काम बघा, ओळख बघू नका. सून चांगली नगरसेविका होईल का, मला माहीत नव्हतं. पाण्यासाठी तिने खेटे घातले हे माहीत होतं, आणि तिच्याच लोकांनी दुसरीच्या नवऱ्याचा व्हिडिओ फिरवला हेही माहीत होतं. माझ्यातली मास्तरीण म्हणत होती की अशी परतफेड मताने करू नये. पण माझ्या आवाजाने तिची किती मतं फिरली ते मला जन्मात कळणार नव्हतं. त्यातलं निदान एक मला परत आणता येत होतं, आणि ते सोडून द्यायला मी तयार नव्हते.

आत गेले. बोटाला शाई लावणारा नवखा होता, जरा जास्तच लावली. आमच्या कॉर्पोरेशनमध्ये एका वॉर्डात चार जागा, चारही जागांवर एकेक मत द्यायचं असतं. आडोशामागे जाऊन मी एक बटण दाबलं आणि हात मागे घेतला.

टेबलामागचा अधिकारी थोडा वेळ थांबला, मग आडोशाकडे मान करून हळूच म्हणाला, "माजी, हजी त्रण बाकी छे."

तीन बाकी आहेत हे मला त्याच्याहून चांगलं माहीत होतं. बाकीची मतं द्यायची नसतील तर शेवटचं बटण दाबून संपवता येतं, हे मी स्वतः कितीतरी लोकांना सांगितलं आहे.

"बाकीच्यांना मी काही बोलले नव्हते," मी म्हटलं, आणि ते शेवटचं बटण दाबलं.